विसरलेली ठेव

रत्नागिरी जिल्ह्यातील घरांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या बाहेरगावच्या पगारावर मांडला गेला आहे. कातळाची जमीन, पावसाळ्यापुरती भातशेती आणि दोन-अडीच महिन्यांचा आंबा यांवर वर्ष निभत नाही. म्हणून घरातील एक तरी माणूस मुंबईला असायचा आणि त्याची मनिऑर्डर आली की गावच्या दुकानातील उधारी फिटायची. अभ्यासकांनी या व्यवस्थेला ‘मनिऑर्डरची अर्थव्यवस्था’ असे नावच देऊन टाकले. आज मनिऑर्डरचा कागद दिसत नाही, पैसे मोबाइलवरून येतात. चाकरमानी परळ-लालबागच्या चाळीऐवजी पुण्याच्या हिंजवडीत किंवा नवी मुंबईच्या ऐरोलीत राहतो आणि गिरणीऐवजी संगणकासमोर बसतो. घराचा हिशेब मात्र तोच आहे. त्यामुळे शहरातील एखाद्या कंपनीने माणसे कमी करायचे ठरवले की त्याची झळ संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या घरांपर्यंत पोहोचते.

जुलै २०२५ च्या अखेरीस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने वर्षभरात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या श्रेणीतील माणसे होती. कृत्रिम बुद्धिमत्ता हे या कपातीचे कारण नाही, कौशल्य आणि उपलब्ध काम यांचा मेळ बसत नाही हे कारण आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी त्या वेळी स्पष्ट केले. पुण्यात कर्मचाऱ्यांच्या संघटनेने शासनाकडे दाद मागितली. या वादात कोणाची बाजू किती खरी, हे ठरवणे या लेखाचे प्रयोजन नाही. परंतु ज्या नोकरीकडे दोन पिढ्या ‘एकदा लागली की मिटली काळजी’ अशा नजरेने पाहत आल्या, ती तशी उरलेली नाही, एवढे त्या घोषणेने घरोघरी समजले.

जागतिक आर्थिक मंचाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०३० पर्यंत जगभरात सुमारे ९ कोटी २० लाख नोकऱ्या जातील आणि १७ कोटी नव्या निर्माण होतील. कृत्रिम बुद्धिमत्ता जी कामे करू शकेल तेथे आपण माणसे कमी करू, असे त्याच अहवालासाठी उत्तर देणाऱ्या ४१ टक्के मालकांनी सांगितले. वजाबाकी केली तर पावणेआठ कोटींहून अधिक नोकऱ्या वाढतात, आणि हा आकडा अनेकदा दिलासा म्हणून सांगितला जातो. पण वजाबाकी आकड्यांची होते, माणसांची होत नाही. पन्नाशीतील ज्या कारकुनाचे काम गेले आणि पंचविशीतील ज्या तरुणीला नवे काम मिळाले, ती दोन वेगळी घरे असतात. एका घरातील चूल विझल्याची भरपाई दुसऱ्या घरातील दिव्याने होत नाही.

यंत्र आणि नोकरी यांचा हा झगडा रत्नागिरीला नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्या उभ्या राहिल्या त्या मोठ्या प्रमाणावर कोकणी मनुष्यबळावर. १९११ च्या शिरगणतीच्या वेळी मुंबईतील गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे. १९२८ साली काही गिरण्यांनी ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली नवी पद्धत आणली. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन माग सांभाळावेत, असा तिचा आशय होता. हिशेब सोपा होता. सहा मागांवर पूर्वी तीन विणकर लागत, आता दोघे पुरणार होते. तिसऱ्याने गावाची वाट धरायची आणि उरलेल्या दोघांनी दीडपट डोळे व हात चालवायचे. एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने संप झाला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात उतरले. गिरणी कामगार युनियनचे लाल निशाण त्याच वर्षी गिरणगावात फडकले.

इतके महिने पगाराविना कामगार तग धरू शकले, त्यामागे गावाचा मोठा आधार होता. अनेक कामगार संपाच्या काळात कोकणात परतले. तेथे भाताची पेज, वाडीतील माणसे आणि डोक्यावर छप्पर एवढे तरी होते. रत्नागिरीची तुटपुंजी शेती हाच त्या काळातील बेकारीचा विमा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला तेव्हाही अनेकांनी हीच वाट धरली. पण त्या वेळी गिरण्यांचे पर्व मावळतीला आले होते. कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होते. संप संपला तरी अनेकांच्या नोकऱ्या परत आल्या नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मॉल आणि मनोरे उभे राहिले. कामगारांच्या वारसांपैकी हजारो जण हक्काच्या घराची अजून वाट पाहत आहेत. जमिनीची किंमत वाढली, तिचा मोबदला मिळाला. मात्र ज्यांच्या श्रमांनी ती जागा नावारूपाला आली त्यांच्या वाट्याला रांग आली.

आजच्या चाकरमान्याला गावचा तो विमाही नाही. वाटण्या होऊन जमीन गुंठ्यांवर आली आहे. पुण्यातील सदनिकेचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो. मुलांची शाळा तेथे, आईवडिलांचे औषधपाणी इथे, आणि दोन्हींचा खर्च एकाच पगारावर. नोकरी गेल्यावर गावी परत यायचे म्हटले तरी येथे त्याच्या शिक्षणाचे काम नाही. दुसरीकडे, गावात जे काम आहे त्याला माणूस नाही. आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमारी नौकांवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसे येतात. हातात झेला घेऊन उंच कलमावर चढणाऱ्याची जागा घेणारे यंत्र अजून बागेत आलेले नाही. अर्ज लिहिणाऱ्या, नोंदी करणाऱ्या, ग्राहकाला उत्तर देणाऱ्या माणसाची जागा घेणारे मात्र आले आहे. शेतातील श्रमांतून सुटावे म्हणून ज्यांनी मुलांना शिकवले, त्यांना हा उलटा न्याय सहजी उमजत नाही.

१९२८ चा माग आणि आजची कृत्रिम बुद्धिमत्ता यांत एक मूलभूत फरक आहे. तिसरा माग लोखंड आणि लाकूड यांचा होता. विणकराची कला विणकराच्या बोटांत राहत होती. धागा तुटला की त्यालाच हाक मारावी लागे. आजचे यंत्र तसे नाही. ते माणसांनी लिहिलेल्या मजकुरातून, केलेल्या नोंदींतून, दिलेल्या उत्तरांतून शिकते. ग्राहकाच्या तक्रारीला नीट उत्तर कसे द्यावे, हे एखाद्या चॅटबॉटला येते, कारण हजारो कर्मचाऱ्यांनी तशी उत्तरे वर्षानुवर्षे दिलेली असतात आणि ती कुठेतरी साठवलेली असतात. म्हणजे यंत्राच्या पोटात कामगाराचेच ज्ञान आहे. ज्याने ते दिले त्याला आपण काही देत आहोत, याची कल्पनाही नव्हती. तो आपले रोजचे काम करत होता.

हे ज्ञान यंत्रात भरल्यावर माणसाची गरज संपते, असा समज करून काही कंपन्यांनी घाई केली. बंगळुरूच्या ‘दुकान’ या कंपनीच्या प्रमुखांनी जुलै २०२३ मध्ये ग्राहकसेवेतील ९० टक्के कर्मचाऱ्यांच्या जागी चॅटबॉट आणल्याचे समाजमाध्यमावर जाहीर केले. त्या सांगण्यातील कोरडेपणावर देशभर टीका झाली. स्वीडनच्या ‘क्लार्ना’ या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपला यंत्रसहायक ७०० माणसांचे काम करतो असे अभिमानाने सांगितले. पुढच्याच वर्षी सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य करून ती पुन्हा माणसे घेऊ लागली. ऑस्ट्रेलियातील कॉमनवेल्थ बँकेने फोनवरील यंत्रामुळे ४५ पदे रद्द केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो निर्णय चुकल्याचे सांगून मागे घेतला. यंत्र बोलके असले तरी नवा प्रसंग ओळखणे, समोरच्याच्या आवाजातील अडचण जाणणे आणि चुकल्यावर जबाबदारी घेणे या गोष्टी माणसाकडेच राहतात, हे या उदाहरणांतून दिसते. मात्र एवढ्यावर निर्धास्त होणेही बरोबर नाही. यंत्र सुधारत जाणार आहे आणि सगळ्याच कंपन्या काही निर्णय मागे घेणार नाहीत.

अनेकान्ताची शिकवण असलेल्या समाजाने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बँकांमध्ये संगणक येणार म्हटल्यावर कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला होता. १९८३ साली बँका आणि संघटना यांच्यात करार झाला, १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला आणि संगणक टप्प्याटप्प्याने आले. त्यांच्यामुळे असलेल्या माणसाची नोकरी जाऊ नये, ही संघटनांची प्रमुख अट होती. पुढे बँकांचा विस्तार झाला, शाखा वाढल्या, आणि लेजर बुकांवर रात्री उशिरापर्यंत बेरजा जुळवणाऱ्या माणसांची त्या जाचातून सुटका झाली. तालुक्याच्या गावांतील टंकलेखन संस्थांचे यंत्रांचे आवाज थांबले, पण त्याच खोल्यांत संगणकाचे वर्ग सुरू झाले. यंत्र आले म्हणजे अनर्थच होतो, असे इतिहास सांगत नाही. यंत्र कसे आले, कोणाला विश्वासात घेऊन आले आणि वाचलेला पैसा कोणाच्या हाती गेला, यावर परिणाम ठरतो, असे तो सांगतो.

जैन समाजात नोकरी करणारे आहेत तसे नोकरी देणारेही आहेत. पेढ्या, दुकाने, कारखाने, लेखापालांची कार्यालये यांत इतरांच्या घरचा पगार ज्यांच्या सहीने निघतो, अशी कुटुंबे गावोगावी आहेत. त्यामुळे हा प्रश्न समाजापुढे दोन्ही बाजूंनी येतो. मुलाची नोकरी टिकेल का, ही एका घरातील चिंता असते. कारकुनांपैकी कोणाला ठेवावे, हा दुसऱ्या घरातील हिशेब असतो. कधी कधी ही दोन्ही घरे एकच असतात.

श्रावकाने या वेळी कोणत्या कसोटीने पाहावे, याचे उत्तर अणुव्रतांत सापडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रत्येक व्रताचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे डाग, सांगितले आहेत. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे हे पहिले तीन. चौथा अतिभारारोपण, म्हणजे शक्तीपेक्षा अधिक ओझे लादणे. पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रिताचे अन्नपाणी अडवणे. घरातील बैल-घोड्यांपुरतेच हे अतिचार नाहीत. जो जो आपल्या आश्रयाने जगतो त्या प्रत्येकाला ते लागू होतात, असेच परंपरेने मानले आहे. तीन माणसांतील दोघांना काढल्यावर त्यांच्या बाबतीत पाचवा अतिचार जवळ येतो आणि उरलेल्या एकावर तिघांचे काम टाकल्यावर चौथा. १९२८ चा तिसरा माग या एका शब्दात बसतो. एकही जीव न दुखावता, स्वच्छ कार्यालयात, केवळ एका सहीने या दोन्ही अतिचारांपर्यंत पोहोचता येते, म्हणून सावध राहायचे.

सत्य अणुव्रताच्या अतिचारांत आजच्या प्रश्नाला याहूनही जवळचा एक शब्द आहे: न्यासापहार. एखाद्याने विश्वासाने ठेव ठेवली. काही काळाने तो परत मागायला आला, पण किती ठेवले होते हे त्याला नीट आठवत नाही आणि तो कमी मागतो. ठेव सांभाळणाऱ्याला खरा आकडा ठाऊक आहे, तरी तो ‘तू म्हणतोस तेवढेच’ असे म्हणून तेवढेच देतो आणि उरलेले ठेवून घेतो. यात उघड चोरी नाही. दिलेले सगळे मागणाऱ्याच्या शब्दाप्रमाणेच आहे. तरीही हा व्रताला डाग आहे, कारण दुसऱ्याच्या अज्ञानाचा लाभ घेतलेला आहे.

रत्नागिरीच्या राम आळीतील एखाद्या घाऊक पेढीची कल्पना केली तर हा शब्द कसा लागू पडतो ते कळेल. पेढीवर तीन कारकून आहेत. एक बिले नोंदवतो, दुसरा वसुलीचे फोन करतो, तिसरा कराचे कागद आणि पत्रव्यवहार पाहतो. सॉफ्टवेअर विकणारा येतो आणि सांगतो की बिलाचा फोटो काढला की नोंद आपोआप होईल, वसुलीचे संदेश यंत्र पाठवील, पत्रेही तेच लिहील; एक माणूस पुरे. समजा, दोघांचा पगार महिन्याला ३६,००० रुपये आहे आणि सॉफ्टवेअरचे भाडे ६,००० रुपये. महिन्याला ३०,००० रुपये वाचतात. हिशेब कागदावर निर्दोष आहे.

आता हे यंत्र काय जाणते ते पाहू. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे मच्छीमार गिऱ्हाइकाकडे त्या दोन महिन्यांत तगादा लावून उपयोग नसतो, नौका समुद्रावर गेल्यावर त्याचे पैसे येतात. आंबा बागायतदाराचे खाते मे महिन्याच्या अखेरीस मोकळे होते. अमक्या वाडीचे दुकानदार गणपतीपूर्वी माल उचलतात आणि चाकरमानी येऊन गेल्यावर पैसे देतात. पेढीच्या दहा वर्षांच्या नोंदी वाचून यंत्राने हे ताडले. पण त्या नोंदी कोणी केल्या? उधारीच्या रकान्याशेजारी ‘नारळी पौर्णिमेनंतर’ असा शेरा कोणी लिहिला? वसुलीच्या कारकुनाने. त्या शेऱ्यामागे त्याने ऐकून घेतलेले नकार होते, गिऱ्हाइकाच्या ओटीवर बसून घेतलेले चहा होते. पेढीला वाटते की आपण यंत्र विकत घेतले. त्यातील मोलाचा भाग त्या कारकुनाने पेढीजवळ ठेवलेली ठेव आहे. निरोप देताना तो कायद्याने मिळेल तेवढे मागतो, कारण आपण किती ठेवले आहे हे त्याला माहीत नाही. मालकाला ते माहीत असेल, आणि तरीही तो मागितले तेवढेच देऊन वही मिटत असेल, तर त्या वेळी कोणता अतिचार घडतो हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

यावर व्यापाऱ्याचा आक्षेप खरा आणि रास्त आहे. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांशी त्याची स्पर्धा आहे, नफ्याचे प्रमाण घटत चालले आहे. शेजारच्या पेढीने यंत्र घेतले आणि याने घेतले नाही तर काही वर्षांत तिन्ही कारकुनांसह पेढीच बंद होईल. व्रत पाळण्यासाठी व्यापार बुडवावा, असे कोणताही साधू सांगणार नाही. यंत्र जरूर घ्यावे. व्रताचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: यंत्रामुळे जे वाचले त्यात ज्याची ठेव आहे, त्याला त्याचा वाटा पोहोचला का?

पोहोचवण्याच्या वाटा अवघड नाहीत. पहिली वाट, वेळेत आणि खरे सांगण्याची. सॉफ्टवेअर सहा महिन्यांनी येणार असेल तर ते आजच कारकुनाला कळावे. महिनाअखेरीस पगाराच्या पाकिटासोबत कळू नये. धंद्यातील मंदीमुळे माणसे कमी करायची असतील तर यंत्राचे नाव पुढे करू नये आणि यंत्रामुळे करायची असतील तर मंदीचे सोंग आणू नये. दुसरी वाट, जागा रिकामी होऊ देण्याची. तिघांपैकी एक दोन वर्षांनी निवृत्त होणार असेल तर त्याची जागा पुन्हा भरू नये. पण त्याला दोन वर्षे आधी घरी पाठवू नये. तिसरी, काम बदलून देण्याची. यंत्राच्या नोंदी तपासणारा डोळा लागतोच, कारण ते चुकीचा आकडाही ठाम विश्वासाने लिहिते. बाकी सोडवायला गिऱ्हाइकाच्या दारी जाणारा माणूसही लागतो. चौथी, वाचलेल्या रकमेतून वाटा देण्याची. महिन्याच्या ३०,००० रुपयांतील निम्मी रक्कम वर्षभर बाजूला ठेवली तर १,८०,००० रुपये होतात. पन्नाशीतील माणसाला नवे काम शिकून उभे राहायला तेवढा आधार पुष्कळ असतो आणि पेढीला उरलेली निम्मी बचत पहिल्या दिवसापासून मिळत राहते.

कायद्यानेही या दिशेने एक पाऊल टाकले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांपैकी औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे त्याच्या शेवटच्या पगाराच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम मालकाने या निधीत भरायची आणि कपातीनंतर ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई पूर्वीपासून आहे, तिच्या व्यतिरिक्त ही रक्कम आहे. मात्र व्यवस्थापकीय काम करणारे आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत. शिवाय पंधरा दिवसांच्या पगारात कोणते नवे कौशल्य शिकता येते, हा प्रश्न उरतोच. कायदा किमान सांगतो. श्रावकाचे व्रत त्या किमानापाशी थांबत नाही.

नवे शिकणे पगाराविना होत नाही, हे महाराष्ट्रात ज्यांनी फार पूर्वी ओळखले ते याच समाजातले होते. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ ही योजना उभी केली. शिक्षण घेता घेता मुलाने श्रम करावेत आणि त्या श्रमांतून त्याचा खर्च भागावा, अशी ती रचना होती. स्वतः भाऊरावांनी किर्लोस्करांचे नांगर गावोगावी फिरून विकले होते. नवे यंत्र शेतकऱ्याच्या बांधावर नेताना त्याला ते वापरायला शिकवावे लागते, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. आज विशीतल्या विद्यार्थ्यांइतकीच चाळिशी-पन्नाशीतल्या कर्मचाऱ्यांना ‘कमवा व शिका’ची गरज आहे. आठवड्यातील एक दिवस पगारी शिक्षणाचा ठेवणे छोट्या पेढीलाही शक्य आहे. समाजाच्या बोर्डिंग आणि शिक्षण संस्थांनी संध्याकाळी असे वर्ग भरवले, तर अनेक पेढ्यांचे काम एकत्र होईल.

तरुणांच्या बाबतीत एक वेगळा धोका आहे आणि तो नोकरी जाण्याइतका चटकन दिसत नाही. यंत्र सर्वांत आधी घेते ते नवशिक्याचे काम. लेखापालाच्या कार्यालयात उमेदवारी करणारा मुलगा पहिली दोन वर्षे पावत्या आणि नोंदी ताडून पाहतो. ते काम कंटाळवाणे असते, पण त्याच कंटाळ्यातून खोटी पावती ओळखणारी नजर तयार होते. ते काम यंत्राकडे गेले आणि कार्यालयांनी उमेदवार घेणे कमी केले, तर दहा वर्षांनी अनुभवी माणूस येणार कुठून? शिडीची पहिली पायरी काढून घेतल्यावर वरच्या पायऱ्या शाबूत असूनही उपयोगाच्या राहत नाहीत. म्हणून ज्यांच्या हाती कार्यालये आहेत त्यांनी उमेदवार घेत राहिले पाहिजे, त्यांना यंत्र वापरू द्यावे आणि यंत्राची चूक शोधायलाही शिकवावे. पालकांनी मुलांना केवळ एखाद्या सॉफ्टवेअरच्या अभ्यासक्रमाच्या मागे लावू नये. लिहिलेले नीट वाचणे, आकड्यामागचे कारण विचारणे, समोरच्या माणसाशी बोलून त्याची अडचण समजून घेणे या सवयी कोणत्याही यंत्राच्या काळात उपयोगी पडतात, आणि त्या घरातच लागतात.

ज्यांची नोकरी गेली आहे त्यांच्याविषयी समाजाचे आणखी एक कर्तव्य आहे. पुण्या-मुंबईतून परतलेला तरुण मंदिरात, स्थानकात किंवा लग्नकार्यात भेटला की ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न त्याला पहिल्यांदा विचारला जातो आणि तो हळूहळू येणेच टाळू लागतो. कंपनीच्या पत्रात त्याला ‘अतिरिक्त’ म्हटलेले असते. समाजात आणि घरात कोणीही अतिरिक्त नसते, हे त्याला शब्दांवाचून कळले पाहिजे. जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे, हा तत्त्वार्थसूत्राने सांगितलेला जीवांचा उपकार आहे. उपयोगी पडण्याची संधी देणे हाही त्याचाच भाग. समाजाच्या पतसंस्थेचे हिशेब, बोर्डिंगमधील मुलांची शिकवणी, वृद्धांना बँकेचे व्यवहार समजावणे, अशी कामे मानधन देऊन त्याच्याकडे सोपवता येतात.

पर्युषणाच्या किंवा दशलक्षणाच्या अखेरीस क्षमापना होते. पेढीवर मालक नोकरांसमोरही हात जोडतो आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. त्या दिवशी समोर उभे असतात ते कामावर असलेले लोक. ज्यांना त्या वर्षी निरोप दिला ते तेथे नसतात. त्यांची नावे आठवून, एकेकाच्या घरी जाऊन, त्याने पेढीजवळ काय काय ठेवले होते आणि त्यातले किती परत गेले, याचा हिशेब ज्याला त्याच्यासमोर मांडता येईल, त्याची क्षमापना पूर्ण झाली. ज्याला तो मांडता येत नसेल, त्याने क्षमा मागण्यापूर्वी ठेव परत करावी.